स्वालबार्डचं बारा प्रवाशांचं जहाज आणि ३०० मीटरवरचं अस्वल

ध्रुवीय अस्वलाचा चेहरा फ्रेमभर भरावा, एवढ्यासाठीच कुणी स्वालबार्डच्या (नॉर्वेच्या उत्तरेकडची आर्क्टिक बेटं) छोट्या जहाजाचं बुकिंग करत असेल तर थांबा. १ जानेवारी २०२५ पासून तिथे अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचा नियम आहे, आणि १ मार्च ते ३० जून या काळात तर ५०० मीटर. जहाजाच्या नाकाशी उभं राहून वर बघणाऱ्या अस्वलाचे जे फोटो आपण वर्षानुवर्षं पाहिले, ते जुन्या काळातले. तसा फोटो आता मिळणार नाही. मुंबईतल्या एका एजंटाने मला फोनवर ‘अगदी जवळून, गॅरंटी’ असं सांगितलं होतं. तेव्हाच मी तो फोन ठेवला आणि थेट जहाजवाल्यांकडे बुकिंग केलं.

जुलैच्या उत्तरार्धात मी जाऊन आले. छोट्या जहाजाला मोजलेले पैसे मला योग्य वाटतात, आणि त्याची कारणं जाहिरातींत दिसत नाहीत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. जहाजाचं नाव देत नाही. या आकाराची बरीच जहाजं तिथे उन्हाळ्यात फिरतात आणि मी लिहितेय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

कोल्हापुरात आमची फोटो लॅब आहे. लोकांचे फोटो छापण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे फोटो मी स्क्रीनवर बघत नाही, कागदावर किती इंचांचा येईल ते बघते. हा हिशोब निघण्याआधीच करून ठेवला होता. फुल फ्रेम कॅमेरा आणि ६०० मिमी लेन्स घेतली तर ३०० मीटरवर फ्रेमची रुंदी भरते १८ मीटर. अस्वल आडवं उभं असेल तर साधारण सव्वादोन मीटर, म्हणजे फ्रेमचा आठवा हिस्सा. ४५ मेगापिक्सेलची फाईल ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापली तर २७ इंच रुंद प्रिंट निघते आणि त्यात अस्वल येतं जेमतेम साडेतीन इंचांचं. बाकी चोवीस इंच काय आहे? बर्फ, पाणी, उजेड. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच, की हे चोवीस इंच चांगले यावेत म्हणून जहाज तुम्हाला काय देतं.

आमच्या जहाजाने वेळ दिला. खरा माल तोच.

बारा हा आकडा उगाच नाही. बारापेक्षा जास्त प्रवासी घेतले की आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार ते ‘प्रवासी जहाज’ ठरतं आणि त्याला बांधणीपासून सगळे निकष जास्त कडक लागतात. म्हणून जुनी, मजबूत, पोलादी जहाजं नव्याने सजवून बारा जणांसाठी चालवतात. आमचंही तसंच. मागचा डेक पाण्यापासून फार तर दोन मीटर उंच, आणि फोटोसाठी हीच उंची सोन्याची. चार-पाच मजली जहाजावरून खाली बघत काढलेल्या फोटोत प्राण्याची पाठ आणि सपाट बर्फ येतो. खालच्या डेकवर गुडघे टेकून बसलात तर प्राण्याच्या मागे क्षितिज येतं, हिमनदीची निळी भिंत येते, धुक्याचा थर येतो. भिगवणला होडीच्या काठाशी वाकून फ्लेमिंगो टिपलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट, ब्रिजचं, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीचं, दार सगळ्यांना उघडं. कॅप्टनच्या शेजारी दुर्बीण घेऊन कधीही उभं राहा, मध्यरात्रीसुद्धा. दोन्ही गाईड आळीपाळीने तिथेच असायचे. बर्फात अस्वल शोधायचं म्हणजे पांढऱ्यावर पांढरं शोधायचं असं मला वाटत होतं. पण ताज्या बर्फाशेजारी अस्वल मलईसारखं पिवळसर दिसतं, हे गाईडने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्यानंतर डोळे तोच रंग शोधू लागले. म्हणूनच व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. कॅमेरा निळ्या सावल्या आणि पिवळसर केस यांची सरासरी काढायला जातो आणि अस्वल राखाडी होतं. डेलाइटवर ठेवा, बाकी घरी बघता येतं. एक्स्पोजर एक स्टॉप वर, पण हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटू द्यायचा नाही. उडालेला पांढरा भाग कागदावर नुसता कोरा कागद दिसतो आणि तो जगातल्या कुठल्याही प्रिंटरला भरून काढता येत नाही.

आता अस्वलाबद्दल. ८० अंशांच्या वर, तरंगत्या बर्फाच्या कडेशी आम्ही होतो. रात्री एकच्या सुमारास गाईडने प्रत्येक केबिनचं दार हळूच वाजवलं. त्या अक्षांशावर जुलैच्या अखेरीस सूर्य मावळत नाही. भर दुपारी तो जेमतेम तीस अंशांपर्यंत चढतो आणि मध्यरात्री दहाएक अंशांवर रेंगाळतो. त्यामुळे उत्तम उजेड रात्री अकरा ते पहाटे तीन. मोठ्या जहाजावर या वेळी लोक झोपलेले असतात, वेळापत्रक सकाळच्या नाश्त्याभोवती बांधलेलं असतं. आमच्याकडे नाश्ताच पुढे ढकलला.

अस्वलाने सील मारला होता. लेझरने मोजून अंतर ३८० मीटर. कॅप्टनने इंजिन बंद केलं आणि आम्ही बर्फाबरोबर वाहत राहिलो. इंजिन बंद होणं फार महत्त्वाचं. ते चालू असताना कठड्याला टेकवलेल्या लेन्समधून सगळी थरथर फोटोत उतरते. (तरीही कठड्यावर लेन्स थेट टेकवू नका, मध्ये हात किंवा बीनबॅग ठेवा.) शिकारीभोवती आयव्हरी कुरव जमले होते. अंगावर एकही डाग नसलेले हे शुभ्र पक्षी बर्फाळ भागातच राहतात आणि अस्वलाच्या उरलेल्या शिकारीवर येतात. अस्वलाचं तोंड लाल, कुरव पांढरे, मागे गुलाबी धुकं. ६०० मिमीच्या चौकटीत अस्वल, सील, सात-आठ पक्षी आणि पाण्यातलं त्यांचं प्रतिबिंब, सगळं एकत्र मावत होतं. जवळ गेलो असतो तर यातलं निम्मं कापलं गेलं असतं.

पोट भरल्यावर अस्वल उठलं, बर्फात अंग घासलं आणि आमच्याच दिशेने चालू लागलं. ३४०, ३२०. कॅप्टनने इंजिन हळूच सुरू करून जहाज मागे घेतलं. आपण जवळ गेलो किंवा अस्वल जवळ आलं, अंतर राखायची जबाबदारी आपलीच असते. डेकवर एक-दोघांनी जोरात नापसंती दाखवली. मला मात्र त्या क्षणी कॅप्टनबद्दल अतिशय आदर वाटला. ताडोब्यात वाघाभोवती जिप्सींचा वेढा पडतो, वाघ रस्ता ओलांडायला वाट शोधतो आणि आपण त्याच्या डोळ्यांतली अस्वस्थता शार्प आली म्हणून खूश होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. इथे समोरचं जनावर शेवटपर्यंत त्याच्याच चालीने चाललं. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उडी मारताना चारही पाय हवेत असलेली फ्रेम मला मिळाली, आणि त्याने एकदाही आमच्याकडे वळून बघितलं नव्हतं.

नियमाला ठोस कारण आहे. अस्वलाची वर्षाची बरीचशी चरबी वसंतात जमते. सीलची पिल्लं तेव्हा बर्फावर असतात आणि अस्वलाच्या माद्याही नव्या पिल्लांना घेऊन गुहेतून बाहेर आलेल्या असतात. बर्फ तर दर दशकात कमी होतोय. अशात बोटींपासून पळण्यात खर्च होणारी ताकद त्यांना परवडणारी नाही. नॉर्वेने १९७३ मध्ये अस्वलांची शिकार बंद केली. आता कॅमेरेवाल्यांनाही अंतर आखून दिलंय ते बरंच झालं.

अस्वलाने सगळी शब्दसंख्या खाल्ली तरी माझ्या दृष्टीने सफरीतली सर्वोत्तम जागा होती हिनलोपेन सामुद्रधुनीतला आल्केफ्येलेत कडा. सुमारे शंभर मीटर उंच काळ्या खडकाचे खांब सरळ पाण्यातून वर आलेले, आणि त्यांच्या प्रत्येक कंगोऱ्यावर ब्रुनिक्स गिलेमॉट हे काळे-पांढरे समुद्रपक्षी. इथे साठेक हजार जोड्या घरटी करतात, आणि घरटं म्हणजे नुसता खडक. अंड्याचा आकार नाशपातीसारखा, एका टोकाला निमुळता, उघड्या अरुंद कंगोऱ्यावर टिकेल असा.

इथेही छोट्या जहाजाचा गुण कळतो. पक्ष्यांच्या कड्यांपासून ५०० मीटरच्या आत उन्हाळ्यात पाच नॉटपेक्षा (ताशी साधारण नऊ किलोमीटर) जास्त वेग चालत नाही. आमच्या दोन रबरी बोटींत सहा-सहा जण. प्रत्येकाला बोटीची कड मिळते आणि शेजाऱ्याची लेन्स तुमच्या फ्रेममध्ये येत नाही. बोट कड्याखाली नेऊन इंजिन बंद केलं. वरून लाखभर पक्ष्यांचा घोगरा कल्लोळ, विष्ठेचा उग्र वास, वितळलेल्या बर्फाचे झरे. टोपी घालाच.

पिल्लं उडी मारण्याचे दिवस होते ते. गिलेमॉटचं पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की उडता येत नसतानाच कड्यावरून झोकून देतं. बाप खाली पाण्यातून हाका मारत असतो. आखूड पंख फडफडवत ते कसंबसं समुद्रात येऊन पडतं आणि मग बापलेक पोहत खुल्या समुद्राकडे निघतात. जी किनाऱ्यावर पडतात त्यांच्यासाठी खाली कोल्हे टपलेले असतात आणि वर मोठे ग्लॉकस कुरव. मी १/२५०० सेकंदाच्या शटरवर उड्या टिपायचा प्रयत्न केला आणि नंतर शटर १/३० वर आणून मुद्दाम पॅनिंग केलं, म्हणजे कॅमेरा पिल्लाबरोबर फिरवला. काळ्या खडकावरून पांढऱ्या रेघा उतरतात. या सफरीतली भिंतीवर लावण्याजोगी पहिली प्रिंट मी त्यातूनच निवडली. जितका वेळ थांबा म्हणालो तितका वेळ बोट थांबवली. पाठीमागे दुसऱ्या गटाची पाळी उभी नव्हती.

वॉलरससाठी पूलेपिंटेनला उतरलो. किनाऱ्यावर गाईड पुढे, खांद्यावर बंदूक, आम्ही एका ओळीत, हळू. एखाद्या वॉलरसने मान वर केली की सगळे जागच्या जागी थांबायचे, ती मान पुन्हा खाली गेली की दोन पावलं पुढे. शेवटी सगळे दगडगोट्यांवर बसलो, काही पोटावर आडवे. इथे १००-४०० लेन्स भरपूर झाली. मिशांचे जाड केस, सुळ्यांवरच्या भेगा, एकमेकांच्या पाठीवर टाकलेले सुळे. स्वालबार्डचे वॉलरस शिकारीने जवळजवळ संपले होते. १९५२ मध्ये संरक्षण मिळालं आणि ते हळूहळू परतले. गोट्यांवर उताणा पडून पोट खाजवणारा तो अगडबंब नर बघताना मला याचा फार आनंद झाला.

न्यू-ऑलेसुंडला थांबा होता आणि भारतीय म्हणून तो मला खास. आपलं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र इथेच आहे, जुलै २००८ मध्ये सुरू झालेलं. ते चालवणारी संस्था गोव्यात वास्कोला. ७९ अंश उत्तरेला, हिमनदीसमोरच्या एका साध्या इमारतीवर आपल्या देशाचं नाव वाचताना ऊर भरून आला. फोटोवाल्यांसाठी सूचना: इथल्या रेडिओ दुर्बिणीमुळे २० किलोमीटरच्या परिसरात वायफाय आणि ब्लूटूथ पूर्ण बंद ठेवावं लागतं, कॅमेऱ्यातलंसुद्धा. फोन एअरप्लेन मोडवर टाकून लोक कॅमेरा विसरतात, जहाजावर गाईड एकेकाचा तपासतो. रस्त्याकडेला सुरय पक्ष्यांची घरटी असतात, ते थेट डोक्यावर झेपावतात. हात वर धरून चाला.

आता उणिवा. केबिन अरुंद, दोघींत मिळून दोनच सॉकेट. माझ्यासोबत एक जर्मन बाई होत्या, निवृत्त परिचारिका, अतिशय समजूतदार, म्हणून चार्जिंगच्या पाळ्या निभावल्या. मल्टिप्लग न्या. जनरेटरचा आवाज खालच्या केबिनमध्ये रात्रभर. पश्चिम किनाऱ्यावर खुल्या समुद्रात जहाज हलतं आणि छोटं जहाज जास्त हलतं. मळमळीवरची गोळी निघण्याआधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. जहाजावर डॉक्टर नाही. लाँगइयरब्येनला, म्हणजे स्वालबार्डच्या मुख्य गावी, छोटं रुग्णालय आहे, गंभीर काही झालं तर मुख्य भूमीवर न्यावं लागतं, म्हणून बचावकार्याचा खर्च धरणारा विमा घेतल्याशिवाय जाऊ नका. रबरी बोटीत उतरताना शिडीवरून पाय टाकायचा असतो. खलाशी मनगट ते मनगट पकड देतात आणि ती घट्ट असते. माझा एक गुडघा दुखरा आहे, तरी जमलं. ज्यांना पायऱ्या उतरताना आधार लागतो त्यांनी मात्र आधी जहाजवाल्यांशी बोलावं.

एक तक्रार खरी गंभीर वाटते. डेकवर उघडणारं मुख्य दार सतत उघडं ठेवलं जायचं आणि आतली गरम हवा थेट पुढच्या कठड्यावरून वाहायची. लांब लेन्सला तेवढी हवेची थरथर पुरते, ४०० मीटरवरचं अस्वल पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. मी गाईडला दाखवल्यावर त्याने दार बंद ठेवायला सांगितलं, पण फोटोग्राफीसाठी म्हणून विकलेल्या सफरीत हे पहिल्या दिवसापासून व्हायला हवं होतं. उभं राहायचं तर दारापासून आणि धुराड्यापासून लांब. लेन्स केबिनमधून आणल्यावर तिला वीस मिनिटं बाहेर थंड होऊ द्या, आणि परत आत नेताना झिपच्या पिशवीत बंद करून न्या, नाहीतर आत बाष्प धरतं.

संध्याकाळची फोटो चर्चा सुमार. गाईड निसर्गात पारंगत होते, संपादनात नाही.

जेवण साधं आणि गरम. शाकाहारी आहे हे बुकिंगच्या वेळी लिहून दिलं होतं. मसुराचं सूप, बटाटे, भाजलेल्या भाज्या, रोज ताजा भाजलेला ब्रेड आणि नॉर्वेचं तपकिरी गोडसर चीज. ते मला मनापासून आवडलं.

खर्च विमानासकट माणशी दहा लाखांच्या पुढे जातो. मी त्यासाठी बरीच वर्षं पैसे बाजूला टाकले. व्हिसाबद्दल नीट वाचा: १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे तिथे उतरायला व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांच्या) बाहेर आहे आणि विमान ऑस्लोमार्गे जातं. म्हणजे शेंगेनमधून एकदा बाहेर पडून पुन्हा आत यायचं, त्यामुळे डबल किंवा मल्टिपल एन्ट्री व्हिसाच हवा. ड्रोन घरी ठेवा, संरक्षित भागात बंदी आहे.

कोणत्या महिन्यात जावं? बर्फावरचं अस्वल आणि पक्ष्यांचे कडे, दोन्ही हवे असतील तर जुलै. १ जुलैपासून अंतर ५०० वरून ३०० वर येतं आणि कडे अजून भरलेले असतात. ऑगस्टच्या मध्यापर्यंत गिलेमॉट बरेचसे निघून जातात.

बुकिंग करताना ‘अस्वल दिसेल का’ हे विचारू नका, त्याचं उत्तर कुणाकडेच नाही. सर्वांत खालचा उघडा डेक पाण्यापासून किती उंच आहे ते विचारा. एका रबरी बोटीत किती जण बसवतात, प्राणी दिसल्यावर इंजिन पूर्ण बंद करतात का, आणि रात्री दोन वाजता चांगला उजेड असेल तर उठवतात का, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाला ‘रात्री प्रवाशांना त्रास देत नाही’ असं उत्तर आलं तर दुसरं जहाज बघा.